झिणझिण्या आणि रक्ताभिसरण

मागील पंधरवड्यात एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासऱ्यांना घरात सारे आप्पा म्हणतात. वय 76, मधुमेह वीस वर्षांचा. रात्री पावलांची आग होते आणि दोनशे पावले चालले की डावी पोटरी आवळून येते; थांबले की मोकळी होते. परदेशातील दिरांनी काळजीपोटी पाय ठेवण्याचे विजेचे यंत्र पाठवले. त्याच्या खोक्यावर ‘रक्ताभिसरण सुधारते’ असे छापलेले आहे. आता त्यांचा प्रश्न असा, की यंत्राचा आकडा शेवटापर्यंत नेला तरी आप्पांना काहीच जाणवत नाही. त्यांच्या स्वतःच्या तळव्यांना मात्र थोड्याच जोरावर झिणझिण्या येतात. यंत्र बिघडले आहे काय?

यंत्र उत्तम चालते आहे, हे त्यांच्याच तळव्यांनी सिद्ध केले. बिघाड आप्पांच्या पावलांतील मज्जातंतूंत असावा. दीर्घकालीन मधुमेहात पावलांची संवेदना हळूहळू मंदावते आणि हे रुग्णाला स्वतःला कळतही नाही. ज्या त्वचेला वीज जाणवत नाही, तिला चटका बसलेलाही जाणवत नाही. म्हणून आकडा वाढवत नेणे आजच थांबवावे.

आता त्या खोक्यावरील वाक्याविषयी. विजेने वेदना शमवण्याची कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने संधिवाताच्या एका प्रकारावर, ज्याला आज आपण गाऊट म्हणतो त्यावर, ओल्या समुद्रकिनारी उभे राहून पायाखाली जिवंत विद्युत्-मासा ठेवण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर उभे राहायचे! (माशाला काय वाटत असेल, याची नोंद नाही.) 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी या शमनामागचा एक तर्क मांडला: स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू चेतवले, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडते. फिजिओथेरपिस्टकडील ‘टेन्स’ यंत्र प्रामुख्याने याच तत्त्वावर चालते. त्याचे स्पंद बहुधा सेकंदाला 80 ते 100 असतात आणि त्यातून केवळ झिणझिण्या येतात.

परंतु वेदना कमी होणे वेगळे आणि रक्त अधिक वाहणे वेगळे. नुसत्या झिणझिण्यांनी रक्तप्रवाहात म्हणण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो स्नायू आकुंचन पावला तर. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढवण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी आवळली की आतील शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकते, आणि शिरांमधील झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यामुळेच. सेकंदाला दोनचार अशा संथ स्पंदांनी स्नायू खरोखर उडू लागला, तर हा पंप विजेने चालवता येतो.

याचा वैद्यकीय उपयोगही होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, जरा खाली, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. तेथे बांधायचे मनगटी घड्याळाएवढे उपकरण सेकंदाला एक स्पंद देते आणि पाऊल किंचित उडत राहते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या शिरांत गुठळी होऊ नये म्हणून, इतर उपाय शक्य नसतील तेव्हा हे वापरावे, अशी शिफारस ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2014 मध्ये केली. शिफारस एवढ्यापुरतीच होती, हे ध्यानात असू द्यावे.

आप्पांचे दुखणे शिरांचे दिसत नाही. चालताना आवळणारी आणि थांबताच सुटणारी पोटरी ही धमनी अरुंद झाल्याची खूण असू शकते. तेथे प्रश्न रक्त वर चढण्याचा नसून खाली पोहोचण्याचा आहे. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबांचे गुणोत्तर काढण्याची एक साधी, सुईविना होणारी तपासणी आहे, ते 0.9 किंवा त्याहून कमी आले तर धमनीविकार धरला जातो. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून अशा रुग्णांत पायाच्या अंगठ्याचा दाबही मोजतात. निदान झाल्यावर तंबाखू बंद, औषधे, आणि चालण्याचा नेमलेला व्यायाम: दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. या चालण्याने जे साधते, ते खुर्चीत बसून यंत्रावर पाय ठेवल्याने साधेल असे मला वाटत नाही. अर्थात व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी पावले आणि हृदय तपासलेले असावे.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीवाचून असे कोणतेही यंत्र लावू नये. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर गुठळीची शंका घ्यावी आणि त्या पायाला यंत्र लावू नये. पाय एकाएकी थंड, फिकट पडून असह्य दुखू लागला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

तेव्हा भगिनी, यंत्र तूर्त खोक्यात ठेवावे आणि दिरांना रागावू नये. आज रात्री आप्पांची पावले मांडीवर घेऊन, चष्मा लावून, बोटांच्या बेचक्या आणि टाचा उजेडात नीट पाहाव्यात. फोड, भेग किंवा काळसर डाग दिसला तर उद्याच दाखवावे. काही नसले तरी आठवड्याभरात वर सांगितलेली तपासणी करून घ्यावी आणि आकडा आला की कळवावा.