स्पर्धा संपल्यावर विदेचे काय होते?

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी नोव्हेंबर 2025 मध्ये ‘यूव्हीएच-26’ नावाचा चित्रसंच सर्वांसाठी खुला केला. शहरातील सुमारे 2,800 ‘सेफ सिटी’ कॅमेऱ्यांनी चार आठवड्यांच्या काळात टिपलेल्या दृश्यांतून निवडलेली 26,646 चित्रे त्यात आहेत. देशभरातील 565 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ‘अर्बन व्हिजन हॅकेथॉन’ या स्पर्धेत या चित्रांतील वाहनांभोवती सुमारे 18 लाख चौकटी आखल्या. वाहनांचे प्रकार 14, आणि ते इथल्या रस्त्यांवरचे: रिक्षा, टेम्पो ट्रॅव्हलर, मिनीबस, दुचाकी. यंत्रदृष्टीच्या संशोधनात 2014 पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘कोको’ या चित्रसंचात वस्तूंचे 80 प्रकार आहेत. त्यांत जिराफ आहे, रिक्षा नाही.

या बातमीची चर्चा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंगाने झाली, आणि ते स्वाभाविकही आहे. तिची दुसरी बाजू मात्र विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. शहराच्या विदेवर, म्हणजे डेटावर, आधारलेल्या स्पर्धा 2008 पासून जगभर भरत आहेत आणि त्यांतील बहुतेकींच्या अखेरीस हाती उरते ते एक अ‍ॅप. येथे उरली ती विदा. शहरांनी स्पर्धा भरवाव्यात की नाही, या वादापेक्षा स्पर्धेनंतर काय उरावे हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

या प्रकाराची सुरुवात 2008 मध्ये वॉशिंग्टन शहराच्या ‘अ‍ॅप्स फॉर डेमॉक्रसी’ या स्पर्धेने झाली असे मानतात. शहराने आपली विदा खुली केली, सुमारे 50,000 डॉलर खर्च केले आणि तीस दिवसांत 47 अ‍ॅप्स मिळवली. खर्च आणि फळ यांचे हे गुणोत्तर इतके मोहक होते की पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कने ‘बिगअ‍ॅप्स’ सुरू केली आणि मग अशा स्पर्धांची रीतच पडली. भारतात 2012 मध्ये राष्ट्रीय विदा सामायिकीकरण व सुलभता धोरण आले, त्याच वर्षी शासकीय खुल्या विदेचे संकेतस्थळ सुरू झाले, आणि एप्रिल 2013 मध्ये तर खुद्द नियोजन आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेवर हॅकेथॉन भरवली. वॉशिंग्टनने मात्र 2010 मध्येच ती स्पर्धा त्या स्वरूपात पुढे न चालवण्याचे ठरवले होते. हा दुसरा निर्णय पहिल्याइतका गाजला नाही.

अ‍ॅप टिकत का नाही, याचे उत्तर प्रोग्रामरच्या कौशल्यात शोधण्यात अर्थ नाही. व्हाइटफील्डचेच उदाहरण घ्यावे. नम्म मेट्रोचा कृष्णराजपुरम ते व्हाइटफील्ड हा टप्पा 25 मार्च 2023 रोजी सुरू झाला. पण बैयप्पनहळ्ळी ते कृष्णराजपुरम हा मधला तुकडा अपुरा होता, त्यामुळे शहरातून येणारा प्रवासी मेट्रोतून उतरे, पूरक बसने पुढचे अंतर कापे आणि पुन्हा मेट्रोत बसे. 9 ऑक्टोबर 2023 रोजी तो तुकडा जोडला गेला आणि मार्ग सलग झाला. आता असे समजा, की त्या उन्हाळ्यात एखाद्या स्पर्धेत विद्यार्थ्यांच्या गटाने होप फार्म चौकातून मॅजेस्टिकला जाण्याचा उत्तम मार्ग सांगणारे निर्दोष अ‍ॅप बनवले. पहिले बक्षीस मिळाले, छायाचित्र छापून आले, गट पुढच्या सत्राच्या परीक्षेला लागला. दहा ऑक्टोबरला तेच अ‍ॅप प्रवाशाला कृष्णराजपुरमला उतरून बस शोधायला सांगत राहील. संगणकप्रणालीत एकही चूक नाही. जग बदलले आणि ते अ‍ॅपला कळवण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

प्रभागांची गोष्ट याहून बिकट आहे. बेंगळुरू महापालिकेचे प्रभाग 198 होते. 2022 मध्ये पुनर्रचनेत ते 243 ठरले, 2023 मध्ये 225, आणि सप्टेंबर 2025 मध्ये एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. व्हाइटफील्ड आता बेंगळुरू पूर्व महापालिकेत मोडते. खड्डा, कचरा, दिवाबत्ती यांची तक्रार प्रभाग क्रमांकाशी बांधणारे प्रत्येक अ‍ॅप या वाटेवर तीनदा तरी जुने झाले असणार. नकाशा कोणत्या तारखेचा आहे हे विदेबरोबर नोंदलेले नसेल, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करणारा संशोधकही फसतो. प्रयोगशाळेत तापमापी बदलली तर वहीत तशी नोंद होते. शहराच्या वहीत ती होत नाही.

याउलट, कोणतीही स्पर्धा नसताना टिकलेले एक उदाहरण आहे. 2005 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडच्या परिवहन संस्थेने गूगलबरोबर आपल्या वेळापत्रकाचा एक साधा साचा ठरवला. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा यांच्या काही मजकूर-फाइली, एका झिपमध्ये बांधलेल्या. त्यात दिपवणारे काहीही नाही. तोच साचा पुढे ‘जीटीएफएस’ या नावाने जगभरच्या सार्वजनिक वाहतुकीची समान भाषा झाला. त्याचे यश मांडणीच्या साधेपणात आहे, आणि त्याहून अधिक या गोष्टीत, की वेळापत्रक बदलले की फाइल बदलण्याचे काम कोणा एका कर्मचाऱ्याचे ठरलेले असते. भारतात कोची मेट्रोने 2018 मध्ये या साच्यात आपली विदा खुली केली. त्याच वर्षी दिल्ली सरकारने तेथील इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साह्याने बसगाड्यांच्या चालू स्थानांचीही विदा खुली केली. बेंगळुरूत मात्र हौशी प्रोग्रामरांनी बीएमटीसीच्या मार्गांची आणि थांब्यांची माहिती संकेतस्थळांवरून वेचून, स्वतः साफसूफ करून ती इतरांसाठी मांडण्याचे काम वर्षानुवर्षे केले. खुल्या विदेसाठी झटणारा ‘डेटामीट’ हा समूह 2011 मध्ये याच शहरात उभा राहिला. देशाच्या संगणक-उद्योगाची राजधानी म्हणवणाऱ्या गावात बसचे वेळापत्रक नागरिकांना वेचून घ्यावे लागावे, यावर वेगळी टिप्पणी करण्याची गरज नाही.

‘यूव्हीएच-26’चे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. स्पर्धकांना नवे अ‍ॅप सुचवायचे नव्हते. त्यांना मोजमाप करायचे होते. ते एका माणसाच्या नजरेवर सोडलेले नव्हते. अनेकांनी आखलेल्या चौकटींतून एकमत काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत वापरली गेली, म्हणजे निरीक्षकाची चूक असतेच हे आधीच गृहीत धरले गेले. पदवीच्या पहिल्या वर्षी दोलकाचा आवर्तकाल दहा वेळा मोजायला का लावतात, हे ज्याला उमगले आहे त्याला या रचनेचे सौंदर्य सांगावे लागणार नाही. संच आणि त्यावर शिकवलेली प्रारूपे दोन्ही खुली असल्याने पुण्यातील किंवा नागपुरातील विद्यार्थीही त्यांवर उद्या काम सुरू करू शकतो.

तरीही ते एक छायाचित्रच आहे. चार आठवडे म्हणजे सगळे ऋतू नव्हेत; आयटीपीएल रस्त्यावरची कोरड्या दिवसातली गर्दी आणि पाणी तुंबलेल्या संध्याकाळची गर्दी या दोन वेगळ्या अवस्था आहेत. शिवाय कॅमेऱ्याच्या चित्रात माणसेही येतात. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर अशी विदा खुली करताना अधिक काळजी घ्यावी लागेल, आणि ती घ्यावीच. बसचे स्थान, थांब्याची जागा, प्रभागाची सीमा ही मात्र कोणाची खासगी बाब नाही. तिच्यावर पडदा ठेवण्याला गोपनीयतेचे कारण देता येत नाही.

स्पर्धा निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे सर्वांत मोलाचे फलित नेमके वाया जाते, एवढेच. पन्नास गट दोन दिवस एकाच विदेशी झटापट करतात तेव्हा त्यांना तिच्यातल्या चुका सापडतात: एकाच थांब्याची दोन नावे, तलावाच्या मधोमध पडलेला अक्षांश-रेखांश, रिकामे रकाने, शून्य आणि ‘नोंद नाही’ यांची सरमिसळ. प्रत्येक गट त्या आपल्यापुरत्या दुरुस्त करतो आणि पुढे जातो. ही शुद्धिपत्रे एकत्र करून विभागाकडे परत पाठवण्याची व्यवस्था बहुतेक स्पर्धांत नसते, त्यामुळे पुढच्या वर्षीचे पन्नास गट त्याच चुका नव्याने शोधतात. पुणे महापालिकेच्या वृक्षगणनेत सुमारे 40 लाख झाडांच्या, स्थानासह केलेल्या नोंदी आहेत. अशा संचावर ‘झाडे ओळखणारे अ‍ॅप’ बनवण्याची स्पर्धा भरवणे सोपे आहे. एका प्रभागात पायी फिरून नोंद आणि प्रत्यक्ष झाड यांतला फरक मोजण्याची स्पर्धा भरवली, तर गणनेच्या विश्वासार्हतेचा आकडा हाती येईल आणि तोडलेली झाडेही मोजली जातील. कदाचित म्हणूनच ती भरवण्याची घाई कोणाला नसावी.

व्हाइटफील्डसारख्या भागात पुढची स्पर्धा ठरवताना आयोजकांना काही अटी घालता येतील. बक्षिसाच्या रकमेचा एक हिस्सा शुद्धिपत्रासाठी असावा, आणि ते स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पद जाहिरातीतच नमूद असावे. दुसरा हिस्सा एक वर्षाने द्यावा, आणि तो अ‍ॅप चालते का यावर नव्हे, तर विभागाची विदा किती दिवस अखंड व ताजी मिळत राहिली हे सार्वजनिकपणे मोजत राहणाऱ्या गटाला. त्यासाठी फार मोठे यंत्र लागत नाही: दर तासाला विदा मागणारी, उत्तराची वेळ नोंदवणारी आणि उत्तर आले नाही तर तेही नोंदवणारी काही ओळींची प्रणाली पुरते. असा आलेख महापालिकेच्या संकेतस्थळावर लागला, तर तो पाहून पुढची स्पर्धा भरवायची की त्या पैशांत विदा सांभाळणारा एक अभियंता नेमायचा, हे ठरवता येईल.