मोरीचे पाणी कोणाला?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा माणसाने सावली धरावी. वेलींनी कोठे जावे?

२०१६ साली घर झाले आणि दारी दोन वेली हव्यात असे ठरले. सौभाग्यवतींनी कोकणातल्या माहेराहून जुई आणली. सासूबाईंनी आपल्या हातांनी दाबकलम करून दिलेली. मी बोगनवेल विकत आणली. जुई नाजूक, तिला आधार हवा, म्हणून ती पश्चिमेच्या भिंतीशी लावली. बोगनवेल स्वयंपाकघराच्या मोरीशी. आयते पाणी मिळेल, हा आमचा हिशेब!

हिशेब साफ चुकला. बोगनवेल पाणी पिऊन गच्चीवर गेली. पाने हिरवीगार, काटे भरपूर, रंगाचा मात्र पत्ता नाही. इकडे ती भिंत दुपारभर तापे आणि रात्री उशिरापर्यंत धग सोडी. जुई कडांनी करपू लागली. त्याच फाल्गुनात सासूबाई गेल्या. ही मला एका शब्दाने बोलली नाही. रोज संध्याकाळी तांदूळ धुतलेले पाणी तेवढे जुईला नेऊन घाली. ते पाहणे मला जड जाई.

शेवटी एका माळीबुवांना बोलावले. ते हसून म्हणाले, "साहेब, ताटं उलटी वाढलीत की!"

खरेच होते. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. आपण जिला फुले म्हणतो ती रंगीत पानेच; खरे फूल त्यांच्या आत, पांढरट नि चिमुकले. पाणी आणि खत फार झाले की ही वेल पानांतच रमते. उन्हाचा, पाण्याचा ताण बसला की रंगते. जुईला सकाळचे ऊन, दुपारची सावली आणि बुंध्याशी ओल हवी.

पावसाळ्यात जुईची एक जिवंत फांदी वाकवून कुंडीतल्या मातीत दाबली. मुळे धरल्यावर ती तोडून पूर्वेच्या अंगाला लावली, बुंध्याशी पालापाचोळा पसरला आणि चर खणून मोरीचे पाणी तिकडे वळवले. बोगनवेल उपाशी राहिली आणि उन्हाळ्यात गुलाबी पेटली!

पुढल्या श्रावणात जुई फुलली. पहिली ओंजळ हिने आईच्या तसबिरीपुढे ठेवली आणि मला म्हणाली, "चहा घेता ना?" मी समजलो, माफी मिळाली.

तेव्हा वाचकहो, फराळ आटोपला की बोगनवेलीचे पाणी तोडा. उरलेली बादली जुईला घाला.