वाचकांचा अनुनय की वाचकांची कदर?

१/ जानेवारी १९४८. लॉस एंजेलिसच्या नॅशनल गार्ड आर्मरीत हॉट रॉड गाड्यांचे प्रदर्शन भरले होते. तिथे रॉबर्ट पीटरसन नावाचा तरुण एक नवे मासिक विकत होता: ‘हॉट रॉड’. किंमत २५ सेंट.

२/ हॉट रॉड म्हणजे जुन्या मोटारीचा अनावश्यक भार उतरवून, इंजिनात फेरफार करून वेगवान केलेली गाडी. ती घडवणारी पोरे समाजाच्या लेखी मात्र रस्त्यावरचे उपद्रवी होते.

३/ १९४९ मध्ये वॉली पार्क्स संपादक झाले. वाचकांना प्रिय असलेले इंजिनांचे तपशील आणि गाड्यांची छायाचित्रे मासिकाने भरभरून दिली. रस्त्यावरच्या शर्यतींना शाबासकी मात्र दिली नाही.

४/ नुसता नकार कोरडा उपदेश ठरला असता. पार्क्स यांनी पर्याय उभा केला: १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन आणि १९५३ मध्ये पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत.

५/ संपादक आणि संघटनेचा प्रमुख एकच असणे धोक्याचे, हा आक्षेप रास्त आहे. १९५७ मध्ये संघटनेने नायट्रोमिथेन इंधनावर बंदी घातली, तेव्हा अनेक शर्यतपटू नाराज झाले. त्यांची बाजू त्याच मासिकाने निःपक्षपणे मांडावी, ही अपेक्षा अवघडच होती.

६/ तरीही पार्क्स यांचे मूळ धोरण योग्यच होते. वाचकाच्या छंदाचा मान राखावा, पण त्याच्या प्रत्येक सवयीला मान डोलवू नये. अनुनयाने अंक खपतो. कदर केल्याने वाचक घडतो.