आठ दिवस समुद्रकाठी : चैन नव्हे, औषध

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला सोबर्स आणि रिचर्ड्स आठवतात. पण ज्या बेटांनी हे खेळाडू दिले, त्या बार्बाडोस आणि अँटिग्वा बेटांची रोजीरोटी बव्हंशी पर्यटनावर चालते. युरोप-अमेरिकेत थंडी कडाडली की तिकडची माणसे या बेटांवर येतात, समुद्रकाठच्या एखाद्या लहानशा गावात आठवडाभर मुक्काम करतात आणि काहीही करीत नाहीत. पोहावे, जेवावे, झाडाखाली पडून राहावे, एवढाच दिनक्रम. आपल्याला हा श्रीमंतांचा आळस वाटतो. भूममध्ये रुग्ण तपासता तपासता माझे मत मात्र असे झाले आहे की, यातला डामडौल सोडला तर मूळ गोष्ट आपणही उचलावी अशी आहे.

आपल्या सहली कशा असतात पाहा. एक जीप ठरवायची, तीत जास्तीत जास्त माणसे बसवायची आणि चार दिवसांत दहा ठिकाणे करायची. रात्री प्रवास, दिवसा रांग, वेळी-अवेळी जेवण. सहलीहून परतलेली मंडळी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात दिसतात. कोणाला जुलाब, कोणाची कंबर धरलेली, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस घरीच राहिलेल्या. देवदर्शनाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु दर्शन वेगळे आणि विश्रांती वेगळी. एकीने दुसरीची गरज भागत नाही.

विश्रांतीची शरीराला गरज काय, असे कोणी विचारील. सतत काळजी आणि धावपळ असली की शरीरात ताणाची संप्रेरके वाढलेली राहतात. रक्तदाब चढतो, साखर वाढते, झोप उडते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून हृदयरोगाची पाहणी चालू आहे. तेथील स्त्रियांच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून १९९२ साली असे दिसून आले की, ज्या गृहिणी क्वचितच सुट्टीवर जात, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण अधिक होते. फिनलंडमधील हेलसिंकी येथील पाहणी २०१८ साली पुढे आली. हृदयविकाराचा धोका असलेल्या तेथील व्यावसायिकांना आहार, व्यायाम आणि औषधांविषयी काटेकोर सल्ला दिलेला होता. तरीही त्यांच्यापैकी जे वर्षाला तीन आठवडे किंवा त्याहून कमी सुट्टी घेत, त्यांच्यात पुढील तीस वर्षांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्के जास्त आढळले. अर्थात सुट्टी घेणाऱ्याची परिस्थितीही बरी असते, म्हणून सारे श्रेय सुट्टीला देता येणार नाही. तरी या आकड्यांकडे काणाडोळा करू नये.

आता आपल्या तालुक्याकडे वळू. येथे घरोघरी दुभती जनावरे आणि गावोगावी खव्याच्या भट्ट्या. पहाटे धार, मग भट्टीची धग, संध्याकाळी पुन्हा धार. म्हशीला रविवार नसतो, म्हणून माणसालाही नसतो. बैलाच्या मानेवर पोळ्याच्या दिवशी तरी जू ठेवीत नाहीत. घरातल्या बाईला तर पोळ्याच्या दिवशीही पुरण वाटायचे असते. पूर्वी दिवाळीला लेक माहेरी येई, आई तिला कामाला हात लावू देत नसे. हे माहेरपण म्हणजे आपल्या समाजाने बाईच्या विश्रांतीची केलेली सोयच होती. आता मुलांच्या शाळा-शिकवण्यांमुळे ते दोन दिवसांवर आले आहे.

म्हणून माझे सांगणे असे की, वर्षातून एकदा आठ दिवस एकाच ठिकाणी जाऊन राहा. आपल्याला कोकण आहे. बार्शी, पंढरपूर, कराड असे करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तेथून दीड-दोन तासांवर गुहागर. जायला एक दिवस मोडतो. पण तेथे सहा किलोमीटर लांबीचा सरळ किनारा आहे, व्याडेश्वराचे जुने मंदिर आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि घरगुती जेवणाची सोय आहे. रब्बीची पेरणी उरकलेली आणि ज्वारीच्या काढणीला अवकाश असलेला, असा डिसेंबर-जानेवारीचा काळ सोयीचा. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्याने चालावे, दुपारी झोपावे, मोबाइल पिशवीत ठेवावा. मुक्काम असा निवडा की घरातल्या बाईला चूल पेटवावी लागणार नाही. ती स्टोव्ह आणि पिठाचा डबा बरोबर घेऊन निघाली, तर सुट्टी फक्त पुरुषांची झाली असे समजावे.

आपण पडलो बालाघाटच्या डोंगरातली माणसे. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्र कळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, हे विसरू नये. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. ओहोटी लागली असता, अंधारात किंवा दारू पिऊन तर मुळीच नको. कमरेच्या वर पाणी जाऊ देऊ नये. पाणी आत ओढू लागले तर त्याच्याशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हावे आणि मग बाहेर यावे. पोहता येत नसेल तर हात वर करून हाक द्यावी.

मधुमेह्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असते, शिंपला रुतला तरी कळत नाही. तेथे हवा दमट, घाम फार येतो, म्हणून पाणी भरपूर प्यावे. रोजच्या गोळ्या दहा दिवस पुरतील इतक्या न्याव्यात.

राहिला प्रश्न, मागे जनावरे कोण पाहणार? पेरणी-काढणीला आपण सावड करतो. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशीच सावड विश्रांतीसाठी का करू नये? एका आठवड्यात शेजाऱ्याने आपल्या धारा काढाव्यात, पुढच्या महिन्यात आपण त्याच्या. दोन भावांनी, दोन दुकानदारांनी पाळी लावून घ्यावी. ज्यांना कोकण परवडणार नाही त्यांनी बहिणीच्या, मामाच्या गावी जावे. तेथे मात्र पाहुणीने स्वयंपाकघराचा ताबा घेऊ नये!

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला हा सल्ला देणे म्हणजे थट्टाच होय, याची मला जाणीव आहे. उचल फिटेपर्यंत त्यांना आजारी पडण्याचीही सवड नसते. त्यांच्या विश्रांतीचा प्रश्न मजुरीच्या दराशी बांधलेला आहे आणि तो तेथेच सुटायला हवा. पण ज्यांच्या हाती चार पैसे आहेत, रजा शिल्लक आहे, अशी कितीतरी घरे भूममध्ये आहेत. ती लग्नात लाखभर उधळतात आणि विश्रांतीच्या खर्चाला चैन म्हणतात.

सुट्टीचा गुण दोन-चार आठवड्यांत ओसरतो, हेही खरे. म्हणूनच घरी परतल्यावर संध्याकाळचे चालणे आणि वेळेवर झोप, या दोन सवयी तरी टिकवाव्यात. यंदा ज्वारी उगवून आली की शेजाऱ्याशी सावडीचे बोलून ठेवा आणि जाण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून टाका.