तीन दोर आणि एकच प्याला

मागच्या शनिवारी नात कॉलेजातून आली ती हसतच. आदल्या रात्रीच्या पार्टीत एक मित्र म्हणे 'थ्री शीट्स टु द विंड' झाला होता.

"म्हणजे तर्र! पण आजोबा, वाऱ्यावर तीन चादरी कशाला?"

हिमायतनगरात राहण्याचा एक फायदा म्हणजे हुसेनसागर जवळ. संध्याकाळी तिला तिकडेच घेऊन गेलो. पाण्यात शिडाच्या चार-दोन छोट्या होड्या होत्या.

"इथे शीट म्हणजे चादर नाही, आणि शीडही नाही. शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला तो दोर बघ. तो ताणून धरला की शीड वारा पकडतं. सुटला की नुसतं फडफडतं. होडीचा वेग जातो, आणि वेग गेला की सुकाणूही ऐकत नाही."

मोठ्या जहाजावर असे अनेक दोर. त्यातले तीन सुटले तर जहाज झोकांड्या खाणारच. खलाशांनी तेच वर्णन पिऊन लडखडणाऱ्या सोबत्याला लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा प्रयोग छापील इंग्रजीत दिसतो. खलाशांकडे मापही होतं. एक दोर सुटला म्हणजे थोडी चढली, तीन सुटले म्हणजे पार गेला.

"मराठीत असं काही आहे?"

"आहे की. तळीराम."

३१ डिसेंबरच्या बातम्यांमुळे हा शब्द तिला माहीत होता. तळीराम कोण, ते मात्र ठाऊक नव्हतं. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकातलं ते पात्र. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व त्यात सिंधू झाले होते. सुधाकर हा हुशार, मानी वकील. सनद काही काळासाठी जाते, अपमान सहन होत नाही, आणि तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. दुःख विसरण्यापुरता, एकच.

खलाशी तीन दोर सुटल्यावर हसतात. गडकरी पहिल्या दोराकडेच बोट दाखवतात.

गंमत अशी की तळीराम आपल्या बोलण्यात राहिला, त्याच्यावर विनोद झाले. त्याच नाटकात सिंधू दुसऱ्यांची दळणं दळून घर चालवते, तिचं तान्हं मूलही त्या प्याल्यापायी जातं. पिणाऱ्यासाठी दोन्ही भाषांत गमतीचे शब्द ढीगभर आहेत. दाराशी जागत बसलेल्या माणसासाठी मला अजून एकही सापडलेला नाही.

परत येताना मी सहज विचारलं, "तो तुझा मित्र काल घरी कसा गेला गं?"

ती थांबली. "बाईकवर. एकटाच."

"आणि तुम्ही सगळे?"

"आम्ही... हसत होतो."

पुढे ती काही बोलली नाही. घरी पोचल्यावर चपला काढायच्या आधीच तिने त्याला फोन लावला. "पुढच्या वेळी किल्ली माझ्याकडे द्यायची," एवढंच मला ऐकू आलं.

मुलांनो, वाक्प्रचार जरूर शिका, वापरा, हसासुद्धा. फक्त मित्राचा पहिला दोर सुटताना दिसला, तर तो धरायला कुणीतरी पुढे व्हा.