घास अडकणे म्हणजे पित्त नव्हे

घास छातीत अडकतो, ही तक्रार सेलू परिसरात लोक वर्षानुवर्षे अंगावर काढतात. कुणी सोडा पितो, कुणी अंगारा लावतो. अंगावरचे कपडे सैल झाले की मग दवाखाना आठवतो. हे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आधी थोडे उंदरांविषयी.

मुंबईत परळला १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. सख्ख्या भावंडांची पिढ्यान्‌पिढ्या पैदास करून असे वाण तयार करतात. त्यातले उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे निघतात. केंद्राच्या आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' नाव मिळालेल्या वाणात वेगळेच काही दिसले. उंदरांची अन्ननलिका फुगून पिशवीसारखी झालेली! १९८८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाक-डोळेच नव्हे, आतल्या अवयवाचे आकारमानही वंशातून उतरू शकते.

माणसात असाच आजार आहे, त्याला 'अ‍ॅकॅलेशिया' म्हणतात. आपली अन्ननलिका साधारण २५ सें.मी. लांब असते. घास आला की तिच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल पडतो. तिथल्या मज्जापेशी निकामी झाल्या की तो आवळलेलाच राहतो, अन्न साचते आणि नळी रुंदावते. मात्र उंदरात आनुवंशिक असलेला हा दोष माणसात क्वचितच आनुवंशिक असतो. तेव्हा आईला हे दुखणे आहे म्हणून मुलीचे स्थळ नाकारणे हा शुद्ध अडाणीपणा होय, मग नाकारणारे कितीही शिकलेले असोत.

यात भाकरीबरोबर पाणीही अडकते. रात्री न पचलेले अन्न उशीवर येते, ठसका लागतो. कर्करोगात बहुधा आधी भाकरी अडते, मग भात, शेवटी पाणी; तंबाखू आणि दारू घेणाऱ्यांनी अधिकच सावध असावे. पण लक्षणांवरून घरी निदान करू नये. दुर्बिणीची तपासणी आणि बेरियम पाजून काढलेला एक्स-रे हवाच. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. तरी फुग्याने किंवा शस्त्रक्रियेने वाट मोकळी करता येते, आता तोंडावाटे दुर्बिणीतूनही. घास दोन आठवडे अडकत असेल, तर सोड्याची बाटली ठेवा आणि परभणीची गाडी पकडा.