आधी टेप काढा, मग पाना

पावसाळा सरत आला की पुढच्या चाकांतून आवाज यायला लागतात. गतिरोधकावरून उतरताना खडखड, खड्ड्यात चाक गेलं की ठक्क. फिटरकडे गर्दी असते, सुटे भाग घरपोच मिळतात आणि मोबाइलवर काम करून दाखवणारे तर ढिगाने आहेत. मग घरच्या गॅरेजमध्ये आपणच हात घालावा, असं वाटणारच. जरूर घाला. पण कुठलं काम घरी करायचं हे गॅरेजच्या रुंदीवरून ठरवा, अंगातल्या उत्साहावरून नको.

हिशेब साधा आहे. रो हाउसचं गॅरेज आतून 2.5 मीटर रुंद धरा. स्विफ्ट आरसे सोडून 1.735 मीटर. उरले जेमतेम 76 सेंटीमीटर. गाडी मधोमध लावली तर दोन्हीकडे 38, म्हणजे धड कुठेच बसता येत नाही. एका भिंतीला चिकटवली तर दुसरीकडे सत्तरेक मिळतात. तेवढ्यात माणूस बसतो, पण दोन फुटी दांडा फिरवायला गेलात की कोपर भिंतीवर. म्हणून जोराची कामं बाहेर उरकून घ्या. आदल्या दिवशी गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा. चाकांचे नट मोकळ्यावर एकदा सैल करून, परत नीट आवळून मगच गाडी आत आणा.

आणताना रिव्हर्सने आणा. काम पुढच्या चाकांचं असेल तर तोंड दाराकडे हवं. उजेड, हवा आणि पटकन बाहेर पडायची वाट तिथेच असते. अरुंद बाजूच्या फटीत शिरून काम करायचंच नाही. जॅक घसरला तर मोकळ्यावर माणूस मागे सरकतो, फटीत त्याच्या पाठीशी भिंत असते. एक बाजू झाली की गाडी खाली घ्या, चाक आवळा, बाहेर काढा आणि दुसऱ्या भिंतीला लावा. कंटाळवाणं आहे, मान्य.

गाडीबरोबर मिळालेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. मागच्या चाकांना पुढून-मागून गुटके, हँडब्रेक ओढलेला, आणि पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर). फरशी गुळगुळीत किंवा उताराची असेल, तर हे काम तिथे होणार नाही. पेव्हर ब्लॉक असतील तर निदान खाली जाड प्लायवूड हवा. घोड्यांवर टेकल्यावर गाडीला हाताने चांगला हिसका देऊन बघा. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवा, म्हणजे वेळ आलीच तर गाडी त्यावर बसेल.

एवढी तयारी झाली की स्टॅबिलायझर बारचा लिंक रॉड बदलणं खरंच घरचं काम आहे. एका बाजूला दोनच नट. नट फिरवताना आतली पिन सोबत फिरते, म्हणून पिनेच्या टोकाला ॲलन की धरून रिंग पाना चालवावा लागतो. एकच चाक उचललं असेल तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो आणि रॉड निघताना-बसताना रुसतो. दोन्ही चाकं सारखी लोंबकळत असली की तो सहज सुटतो.

लोअर आर्मचं गणित वेगळं. त्याच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे, ते गाडीचं वजन चाकांवर असताना. चाक लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच बुशचं रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. आता गाडी जमिनीवर असताना त्या 70 सेंटीमीटरमधून खाली पाना घालणार कसा? खड्डा किंवा रॅम्प असलेल्या गॅरेजलाच हे काम द्या.

शॉकअपबाबत तर मी हट्टाने नाहीच म्हणेन. पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कंप्रेसर न लावता वरचा मधला नट सोडला, की तो दाब एकदम मोकळा होतो आणि वरचा भाग उसळतो. तोंड, हात, जे समोर असेल ते फुटतं. स्वस्त कंप्रेसरचे आकडे स्प्रिंगवरून घसरू शकतात, आणि घसरले तर बाजूला व्हायला अंगण लागतं. हे काम दुकानात, दोन्ही बाजूंचं एकदम करून घ्या. पैसे वाचवायचे असतील तर चांगल्या प्रतीचे शॉकअप स्वतः आणून द्या, मजुरीत काटकसर नको.

लिंक रॉडचं काम झाल्यावर चाकांचे नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या टॉर्कलाच आवळा आणि पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. शॉकअप किंवा लोअर आर्म बदलले असतील तर अलाइनमेंट हवीच. नुसत्या लिंक रॉडनंतर कुणी ती गळ्यात मारू लागला, तर कशासाठी ते विचारा. त्या रॉडने चाकाचा कोन बदलत नाही.